आमचे साडू आणि यात्रेचा डबा

सबंध कोल्हापूर जिल्ह्यात माणसाला सुखानं चार घास गिळू न देणारा एकच इसम जन्माला आला आणि देवानं तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून घातला. इतरांचे साडू बघावेत. कुणाचा साखर कारखान्यात असतो, कुणाचा तलाठी असतो, एखाद्याचा पोलिसात असतो आणि त्याच्या नावावर माणूस बिनधास्त नको तिथं गाडी लावतो. आमचे साडू आरोग्य खात्यात आहेत आणि जिल्ह्यात कुणाकुणाची पोटं बिघडली याचा रोज शोध घेणं ही त्यांची नोकरी आहे. एखाद्या गावात एकदम बरीच माणसं ढाळवांत्यांनी आडवी झाली, तर ती काय खाऊन आडवी झाली हे साहेबांनी हुडकायचं. ती चार गावांत विखरून आडवी झाली असली तर चारही गावांच्या दवाखान्यांना फोन करून त्यांचा एकमेकांशी धागा जुळवायचा. सरकारी कागदावर या कामाला लांबलचक नाव आहे. आमच्या सासरवाडीत मात्र 'थोरल्या पावण्यांची हगवणीची नोकरी' एवढंच म्हणतात आणि मुलीच्या लग्नात सांगितलेला 'मोठा साहेब' हा शब्द आठवून सासूबाई अजून सुस्कारा सोडतात.

मी शिरोली एमआयडीसीत लहानसं मशीनशॉप चालवतो. माझ्या धंद्यात माल बिघडला की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं; साडूंच्या धंद्यात माल बिघडल्याशिवाय बोहणी होत नाही. सकाळी चहाचा कप हातात आला, की त्यांचे फोन सुरू. एकेका तालुक्याच्या दवाखान्यात विचारायचं, "काय, आज काय विशेष?" पलीकडचा बिचारा म्हणतो, "काही नाही साहेब, सगळं ठीक." यावर कुठलाही माणूस 'देवाची कृपा' म्हणेल. आमचे साडू भुवई चढवून म्हणतात, "काहीच नाही? मग नीट विचारलं नसेल तुम्ही." त्यांच्या मते जिल्हा निरोगी नसतोच, तो फक्त लपवत असतो. माझी थोरली मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, एकदा वैतागून म्हणाली, "ह्यांना कुणी बरं हाय म्हटलं की ह्यांच्या पोटात दुखतं." हे त्या घरातलं एकमेव पोटाचं दुखणं, ज्याचा तपास झाला नाही.

बरं, फोन सकाळीच यावेत असा काही नियम नाही. आमच्या घरी श्रीखंड-पुरीचा बेत होता. साहेब पहिल्या पंगतीला, शेजारी माझ्या भावाचे नवीन व्याही, पहिल्यांदाच घरी आलेले. फोन वाजला. साडूंनी श्रीखंडाचा चमचा वाटीतच ठेवला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "पातळ म्हणजे कसे? पिठल्यासारखे का भाताच्या पेजेसारखे? रंग?" सगळ्या पंगतीचे हात ताटातच थांबले. "नीट सांगा हो, पिवळे म्हणजे कुठल्या जातीचे पिवळे?" व्याह्यांनी समोरच्या केशरी श्रीखंडाकडं एकदा बघितलं आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला. फोन संपल्यावर साडूंनी चमचा उचलून उरलेलं श्रीखंड चवीनं संपवलं आणि वर म्हणाले, "तुम्ही घेत नाही? छान झालंय." त्या दिवशी घरात उरलेलं श्रीखंड आम्ही पुढं किती दिवस खाल्लं ते सांगत नाही, कारण हे त्यांच्या वाचनात आलं तर ते आजही चौकशीला येतील.

जिल्ह्याचा नकाशाही त्यांच्या डोक्यात वेगळाच छापलेला आहे. हुपरी म्हटलं, की तुम्हाआम्हाला चांदीचे पैंजण आठवतात. ते म्हणतात, "हुपरी? बारशाचे पेढे." कुठल्या डोंगराच्या पायथ्याचं देखणं गाव दाखवलं, तर "इथली बासुंदी" म्हणून डोळे मिटतात. आम्ही एकदा सहकुटुंब जोतिबाच्या बाजूला निघालो होतो, तर वाटेतल्या प्रत्येक गावाची त्यांनी अशी ओळख करून दिली, की परत येईतो गाडीत कुणी बिस्किटाचा पुडासुद्धा फोडला नाही.

लग्नाला आले की लोक नवरानवरीकडं बघतात. हे मांडवामागं आचाऱ्याच्या पातेल्यांकडं बघतात. लोक खिशाला पेन लावतात, तसा यांच्या खिशाला अन्नात खुपसायचा तापमापक असतो. माझ्या पुतण्याच्या लग्नात त्यांनी तो सरळ मसालेभातात रोवला आणि काटा बघत उभे राहिले. नवरीकडच्या मामांना वाटलं, आमच्यात हा काही विधी असावा. त्यांनी टोपी नीट केली आणि हात जोडले. साहेब काट्याकडं बघून एकच शब्द म्हणाले, "कोमट." त्यांच्या कोशात याच्याइतकी घाण शिवी दुसरी नाही. रस्सा उकळता चालतो, बर्फागत गार चालतो, मधला चालत नाही. मोठ्या पातेल्यात अन्न तासन्तास कोमट राहतं आणि तिथंच विषाची पैदास होते, असं त्यांचं म्हणणं. ते इतकं मनात बसलंय, की एखाद्या ढिल्या कारकुनावर चिडले तरी "अगदी कोमट माणूस आहे" म्हणतात.

पण त्यांचा खरा छळ आजारी माणसांना होत नाही. तो धडधाकटांना होतो. शहरातल्या एका वास्तुशांतीला जेवलेली माणसं रांगेनं दवाखान्यात गेली, फक्त एक म्हातारबाबा ठणठणीत राहिले. दुसरा कुणी असता तर आजाऱ्यांना विचारत बसला असता. साहेबांनी म्हातारबाबांचं दार धरलं. "तुम्हाला का नाही झालं?" सकाळी विचारलं, दुपारी विचारलं, दुसऱ्या दिवशी परत हजर. तुम्ही काय खाल्लं, काय नाही खाल्लं, कशाला नको म्हणालात, का नको म्हणालात. शेवटी म्हातारबाबा हात जोडून म्हणाले, "सायेब, तुमची एवढीच इच्छा असंल, तर मी एकदा परसाकडं जाऊन येतो की." मग सावकाश कळलं, की त्यांचा गुडघा धरतो म्हणून त्यांनी दह्यातली कोशिंबीर खाल्ली नव्हती. साहेब उड्या मारत परतले. "पावणं," मला म्हणाले, कारण एकाच घरचे जावई म्हणून आम्ही एकमेकांना पावणंच म्हणतो, "ज्याला झालं तो नुसता कण्हतो. ज्याला झालं नाही, तोच खरं सांगतो."

आणि खरं सांगणारा माणूस मिळणं आमच्या भागात किती अवघड, ते त्यांनाच ठाऊक. कोल्हापूरचा माणूस तसा तोंडाचा फटकळ. चारचौघांत कुणाचीही काढील. पण ज्याच्या घरी जेवला त्याच्या जेवणाला नाव ठेवणार नाही. सलाईनची सुई हातात, डोळे पांढरे, आणि म्हणणार, "पावण्यांच्या घरचं जेवाण एक नंबर हुतं. ते वाटंत उसाचा रस पिलतो न्हवं, त्येनं झालं बघा." रसवंतीवाल्यांवर आमच्या जिल्ह्यात जेवढे खोटे आळ आलेत, तेवढे दरोडेखोरांवर नसतील. रसवंती नसली तर टपरीवरचा वडा, वडा नसला तर बदललेली हवा. यजमानाची अब्रू राखायला माणूस पोटातलं आतडंसुद्धा खोटं बोलायला लावतो.

आता सासरवाडीबद्दल. पन्हाळ्याच्या अलीकडं आमच्या सासऱ्यांचं गाव आहे. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो, सासूबाईंना मामी. चैत्रात गावची यात्रा असते आणि मटणाचं जेवण असतं. त्या दिवशी मामांच्या दारात किती पावणं येऊन जेवून जातं याचा पत्ता मामांनाही नसतो. दुपारी चुलीवरून पातेली उतरतात आणि दिवस मावळेतो पंगती उठतात. निघताना मामी लेकीबाळींच्या पिशवीत डबा घालतात. हा डबा उघड्यावर कधी दिला जात नाही. पदराआडून, खोलीच्या कोपऱ्यात, "कुणाला दावू नगं" म्हणून देतात, कारण कुणाच्या डब्यात मटणाची नळी गेली आणि कुणाच्यात नुसता रस्सा, यावरून बहिणीबहिणींत वर्षभराचा अबोला धरायची ताकद त्या घरात आहे. थोरल्या लेकीला मात्र डबा मिळत नसे. एका वर्षी साडूंनी मामींच्या देखत डब्याचं झाकण काढलं, बोट बुडवलं आणि "कोमट" म्हणाले. त्यानंतर कित्येक वर्षं मामींनी त्यांना माफ केलं नाही.

अबोल्याची ही ताकद वडिलोपार्जित आहे. मामांचे एक थोरले भाऊ होते. यात्रेत कापलेल्या बोकडाच्या मुंडीचा मान कुणाच्या घरचा, यावरून दोघा भावांत बिनसलं. माणसं जमिनीवरून भांडतात, पाण्यावरून भांडतात. आमच्या सासरवाडीनं बोकडाच्या डोक्यावरून घर फोडलं. थोरले भाऊ बायकोला घेऊन शाहूवाडीच्या डोंगरातल्या त्यांच्या भाताच्या रानात राहायला गेले, तिथंच वारले, आणि बोकडालाही एव्हाना मुक्ती मिळाली असेल, पण भांडण जितं होतं. थोरल्या मामी तिथं वस्तीवर एकट्या राहत होत्या. त्यांचं नाव मामांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या बैठकीत, काढायची सोय नव्हती. आम्ही जावयांनी त्यांना बघितलंही नव्हतं.

त्या वर्षीची यात्रा दणक्यात झाली. साडू पहिल्या पंगतीला तोंड भाजेल असं गरम जेवले आणि कामावर परतले. आम्ही दिवेलागणीला डबा घेऊन निघालो. सकाळी मी ज्वारीच्या भाकरीबरोबर डब्यातल्या पांढऱ्या रश्श्याचा समाचार घेतला आणि त्यानंतर रश्श्यानं माझा घेतला. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता साडू दारात उभे. मी भिंत धरून उभा.

"काय खाल्लं होतं?"

"टपरीवरचा वडा," मी म्हणालो. मी काय कोल्हापूरबाहेरचा आहे?

"कुठली टपरी?"

"शिरोली फाट्यावरची."

"पावणं, हुपरीत तुमची धाकटी मेहुणी अशीच पडलीय. ती म्हणते उसाचा रस. उचगावात मामींची भाची पडलीय, ती म्हणते हवा. हवा, रस आणि वडा, तिघांनाही एकाच रात्री भेटले?" त्यांचे डोळे चमकत होते. त्यांच्यासाठी ही दिवाळीच. "मी गावात फोन केला. तिथं सगळे ठणठणीत. आमच्या घरीही ठणठणीत. आम्हीही तिथंच जेवलो होतो की. मग तुम्ही असं काय खाल्लंत, जे आम्ही नाही?"

माझी बायको आतून म्हणाली, "डबा." तिला त्या वडावाल्याची दया आली असावी.

साहेबांनी एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. डबेवाले सापडले होते, औषधं सुरू झाली होती, आम्ही तरणी माणसं होतो, उठून बसलो असतो. पण ते थांबेनात. अजून कुणाकुणाला डबा गेला ते कळलंच पाहिजे, म्हणून त्यांनी मला तसाच गाडीत घातला आणि सासरवाडी गाठली. वाटेत मी दोनदा गाडी थांबवली. दोन्ही वेळेला त्यांनी आत्मीयतेनं विचारलं, "पातळ?"

मामा सोप्यात बसले होते, मेहुणे होते, सुना दाराआड होत्या. मामी उंबऱ्याशी उभ्या. साडूंनी विषय काढल्याबरोबर मामींचा चेहरा असा झाला, की जणू यांनी त्यांच्यावर चोरीच घातली. "माझ्या हातचं खाऊन कवा कुणाला काय झालं न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्ये समदं घर खाल्लंया. बगा की, कोण पडलंय हितं?" खरंच कुणी पडलं नव्हतं. साडूंनी समजावलं, की जेवण चांगलंच होतं, हात चांगलेच होते. पातेलं चुलीवरून उतरल्यावर दिवसभर निवत राहिलं आणि तोच रस्सा डब्यात बंद झाला, एवढंच. मामींनी डबे मोजून सांगावेत तशी नावं सांगितली. धाकटी लेक, मधली लेक, भाची.

"आणखी कुणाला?"

"न्हाय."

"मामी, आठवून बघा."

"न्हाय म्हटलं की पावणं. आता काय लिवून देऊ?"

मला वाटलं, आता साहेब त्यांच्या नेहमीच्या आवाजात उलटतपासणी घेणार आणि सासू-जावयाचं उरलंसुरलं संपणार. पण ते खाली बसले, उंबऱ्याजवळ, जमिनीवर. आवाज उतरवून म्हणाले, "मामी, आमची ही सगळी तरणी माणसं. झोपून उठतील. मला भ्या वाटतंय ते एखाद्या म्हाताऱ्या माणसाचं. एकटं माणूस डबा एका दमात संपवत नाही. पुरवून पुरवून खातं. कालही खाल्लं असेल, आजही खाईल. आणि पडलं तर तिथं पाणी द्यायलाही कुणी नसेल." साडू एकदा मामांकडं बघून पुन्हा मामींकडं वळले. "मला नाव नको. कुणाला दिला, का दिला, काही नको. डबा कुठल्या बाजूला गेला, तेवढं दाखवा. मग माझं मी बघतो."

मामींनी पदर तोंडाला लावला. हळूहळू मान फिरवली आणि मावळतीच्या डोंगराकडं बघितलं.

हुपरी उगवतीला, शिरोली उगवतीला, उचगाव उगवतीला. मावळतीकडं त्या घराचं एकच माणूस राहत होतं. सोप्यातल्या प्रत्येकाला ते कळलं. मुक्कामाच्या एसटीच्या ओळखीच्या डायव्हरजवळ संध्याकाळी डबा द्यायचा आणि त्यानं सकाळी तो वस्तीच्या फाट्यावर उतरवायचा, असं मामी वर्षानुवर्षं करत आल्या होत्या. दोघी एकाच उंबऱ्यावर माप ओलांडून आलेल्या जावा. पुरुषांची मुंडी पुरुषांना लखलाभ.

मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग त्यांनी विचारलं, "दरसाल?"

"व्हय," मामी म्हणाल्या.

"मटण घालून, का नुसता रस्सा?"

"मटण घालून. नळी बी."

"मग ठीक हाय," मामा म्हणाले. "नुसता रस्सा धाडला असतास, तर थोरल्या घराला काय तोंड दावणार हुतो मी?" आता थोरल्या घराला यांनी तोंड दाखवूनच किती वर्षं झाली होती, पण हे त्या वेळी त्यांना कोण सांगणार. साडू तोपर्यंत अंगणात फोनवर होते. डोंगरातल्या दवाखान्यात फोन, तिथनं वस्तीजवळच्या आशाताईंना निरोप, रुग्णवाहिकेला वाट सांगणं, सगळं एका दमात. सांगायला हवं ते सांगतो: तेवढा वेळ हा माणूस मला फार मोठा वाटला. गाडीत बसताना त्यांनी मला पुन्हा "पातळ?" विचारलं, तेव्हा कुठं जरा खाली आला.

आशाताईंना थोरल्या मामी चुलीपुढं पडलेल्या सापडल्या. बोलायचं त्राण नव्हतं, जीभ कोरडी पडलेली. आणखी उशीर झाला असता तर गेल्याच असत्या, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आम्ही पोचलो तेव्हा सलाईन चढलं होतं आणि डोळे उघडले होते. साडू स्टूल ओढून खाटेशी बसले आणि धंद्याला लागले.

"आज्जी, परवापासनं काय काय खाल्लंत?"

"भाकरी."

"भाकरीबरोबर?"

"मीठ."

"मटणाचा डबा आला होता ना? कधी खाल्ला?"

"मला कोण देतंय बाबा डबा," त्या बारीक आवाजात म्हणाल्या. "माझं कोण हाय?"

यमाच्या दारातनं ओढून आणलेली बाई, पण जावेचं नाव सांगेना. साडूंना आजवर हजार माणसं खोटी बोलली असतील. सगळ्यांना त्यांनी चिमटीत पकडलंय. इथं त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "मामींनी सगळं सांगितलंय. मी त्यांचा थोरला जावई."

थोरल्या मामींनी पहिलं काय केलं असेल, तर सलाईनचा हात उचलून डोक्यावर पदर घेतला. नळी ताणली, नर्स ओरडली. "पावणं हाईसा व्हय," त्या म्हणाल्या, "आधी सांगायचं न्हाय?" मग विचारलं, "तिला कुणी बोललं न्हाय न्हवं?"

"नाही. कुणी काही बोललं नाही," साहेब म्हणाले. जरा वेळानं पुन्हा म्हणाले, "कुणी काही बोललं नाही." रंग, जात, पातळ, घट्ट, त्यांचे कितीतरी प्रश्न बाकी होते. त्या दिवशी त्यांनी ते विचारले नाहीत. मी दारातनं बघत होतो, मग आत जाऊन थोरल्या मामींच्या पायाला हात लावला. ढाळानं माणूस हळवा होतो म्हणतात, ते खरं असावं.

थोरल्या मामी बऱ्या झाल्या आणि साहेबांनी लगोलग हुकूम काढला, की या घरातून यापुढं डबा कुणालाही द्यायचा नाही. जेवायचं ते पंगतीला बसून, गरम. हुकूम बरोबर होता, त्यात खोट काढायला जागा नाही. पण रिकाम्या पिशवीनं लेक वाटंला लावायची म्हणजे मामींना तिला उपाशी लावून दिल्यागत वाटे. आणि खरं सांगायचं तर मलाही यात्रेवरून परतताना पायाशी डबा नसला की सासरवाडी अर्धीच घडल्यासारखं वाटतं. साडूंना हे कळत नव्हतं असं नाही. दोघी म्हाताऱ्यांच्यात तो डबा तेवढा येत-जात होता, तोही त्यांनीच बंद केला होता. थोरल्या मामींना यात्रेला बोलवावं, तर बोलावणं मामांनी जातीनं करायला हवं आणि मामा म्हणणार, "मानाचं आधी मिटू दे." म्हणजे बोकडाची मुंडी पुन्हा आडवी.

पुढच्या यात्रेला साहेबांनी गप आपला मार्ग काढला. नैवेद्य दाखवून झाला आणि पहिलं पातेलं उतरलं, की हे डबा घेऊन चुलीपाशी उभे. आधी तापमापक रश्श्यात, मग रस्सा डब्यात. लोक पाटावर बसत असताना साहेब गाडीत. तडक डोंगर, थोरल्या मामींच्या पुढ्यात डबा, त्या शेवटचा घास खाईतो समोर मांडी घालून पहारा, डबा स्वतः घासून परत. हुकूम काढणाराच चोरटी वाहतूक करू लागला. मामींनी त्या वर्षीपासून त्यांना माफ केलं. मामांनी काही केलं नाही, फक्त डबा भरताना बायकोला विचारलं, "मुंडीचा वाटा घातलास काय त्यात?" आणि उत्तर न ऐकता पंगत बघायला गेले.

एरवीही साडू अधनंमधनं वस्तीवर जात. विचारलं की म्हणत, "रुग्णाचा पाठपुरावा." बरं होऊन कित्येक महिने उलटलेल्या रुग्णाचा असा पाठपुरावा करायला सांगणारा नियम त्यांच्या खात्यात असेल, तर तो त्यांनीच लिहिला असणार. तिथं जाऊन काय करत, तर तेच. काल काय खाल्लं, परवा काय खाल्लं, शिळं होतं का, उकळलं होतं का.

गेल्या पावसाळ्यात त्यांची बदली झाली, पार वऱ्हाडात. आता तिकडची पोटं आणि ते. या चैत्रात यात्रेला त्यांना रजा मिळाली नाही. सकाळपासून मला फोनावर फोन. "पावणं, पातेलं उतरलं की निघायचं. वाटेत चहाला थांबायचं नाही. समोर बसून खायला लावा." तापमापक माझ्याकडं नव्हता. मी बोट बुडवलं, ते भाजलं, आणि निघालो.

थोरल्या मामी वस्तीवर दारातच बसल्या होत्या. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग माझ्यामागं रिकाम्या गाडीकडं. "त्ये न्हाय आलं?"

"बदली झाली, थोरल्या मामी. लांब."

"असं व्हय," म्हणाल्या आणि डबा उघडला. सावकाश जेवल्या. मी समोर बसलो होतो, मोबाइलला रेंज नव्हती. मी मशीनवर काम करणारा माणूस, मला कुणाच्या पोटात काय गेलं याची चौकशी करायची सवय नाही. जेवण झालं. त्यांनी हात धुतला, पदराला पुसला आणि माझ्याकडं बघत बसल्या. मीही बसलो. शेवटी त्यांनीच सुरुवात केली.

"काल सकाळी नाचणीची भाकरी आन् कुळथाचं पिठलं खाल्लं. ताजं केलतं. दुपारी न्हाय जेवले, ऊन लई हुतं. सांच्याला तांदळाच्या कण्या, ताक घालून. ताक त्याच दिशीचं. परवा शेजारणीनं अळूची भाजी दिलती, ती उकळी येस्तवर गरम केली, मगच खाल्ली." त्या थांबल्या. "त्यास्नी सांगा फोनवर. वाट बघत असतील."

"सांगतो," मी म्हणालो. उठायला हवं होतं, तिकडं पंगती चालल्या होत्या, मी अजून जेवलो नव्हतो. "आणि परवा रात्री?"

थोरल्या मामी जरा सरकून नीट मांडी घालून बसल्या आणि सांगायला लागल्या.